एका हाताची भाकरी

"हिला घेऊ," आप्पा म्हणाले आणि खाली वाकून त्या कुत्रीच्या कानामागं खाजवायलाही लागले.

कुत्री बिस्किटाच्या रंगाची होती, म्हणून साताऱ्याच्या त्या शेल्टरमध्ये तिचं नाव खारी ठेवलेलं. एक कान फाटलेला, अंगानं बेताची आणि स्वभाव असा की आम्ही फाटकातून आत आल्यापासून ती प्रत्येकाच्या पायाशी लोळून आली होती. आप्पांच्या, माझ्या, आमच्या ड्रायव्हरच्या, इतकंच काय, पाण्याचा टँकर घेऊन आलेल्या माणसाच्यासुद्धा.

"आप्पा, ही चोराला हाताला धरून घर दाखवेल," मी म्हणाले. "आपण राखणीला कुत्रा न्यायला आलोय, पाहुण्यांची सरबराई करायला नाही."

"शेपूट तर हलवतीय बिचारी."

"तेच तर म्हणतेय मी."

आप्पा हसले, पण त्यांचा हात थांबला नाही. खारीनं त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

आई गेल्यापासून आप्पा एकटे राहत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कऱ्हाडच्या पुढं, ज्या कालव्यावर अख्खी नोकरी केली त्याच्याच कडेला घर बांधलं होतं. शेजार म्हणायला एक मुळीकांची वस्ती, तीही हाक मारली तर ऐकू जाईल न जाईल इतक्या अंतरावर. मी पुण्यात नोकरीला. त्या उन्हाळ्यात कालव्याच्या पलीकडं एका म्हाताऱ्या नवराबायकोला बांधून घालून चोरांनी घर धुऊन नेलं, आणि माझी झोप उडाली. पुण्याला या म्हटलं की आप्पा म्हणायचे, "तुमच्या तिथं मी गॅलरीत बसून काय मोजू, मोटारी?" मग मी कुत्र्याचं ठरवलं. मी ठरवलं की ते ठरतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आई असतानाही शेवटचा शब्द "विभाला विचारा" असाच असायचा.

मी ऑफिसात चौकशा करून आले होते. डॉबरमन माथेफिरू, लॅब्रॅडॉर खाऊन झोपणारा, गावठी कुत्रा भाकरी दाखवेल त्याचा. अल्सेशियन मात्र पोलिसांचा कुत्रा, त्याचं नाव निघालं की माणसं मान डोलवायची. आणि कोपऱ्यातल्या जाळीत एक अल्सेशियन बसला होता. मालक परदेशी गेले म्हणून सोडून दिलेला, तरणाताठा, काळी पाठ, कान ताठ. आम्ही जवळ गेलो तर उठून उभा राहिला आणि भुंकलाही नाही. मला तो रुबाब वाटला.

शेल्टर चालवणाऱ्या गद्रे बाई पूर्वी परिचारिका होत्या. त्यांनी जाळी उघडली. "हा दिसतो तसा नाही हं," त्या म्हणाल्या. "फार मवाळ आहे. नवी जागा, नवी माणसं म्हटलं की बावरतो. पहिले काही दिवस सगळ्यांच्या हातून खाऊ घाला. शेजारपाजारची ओळख करून द्या. माणसं ओळखीची झाली की हा कुणाला त्रास द्यायचा नाही, आणि अनोळखी आला तर आपोआप भुंकेल. तुमच्या वडिलांना तेवढं पुरे आहे."

मी मान डोलवली. आप्पांनी खारीकडं एकदा वळून पाहिलं आणि म्हणाले, "चला मग, फौजदार."

तेच त्याचं नाव पडलं.

फौजदार खरोखरच मवाळ निघाला. पहिल्या आठवड्यात दूधवाल्याचा हात चाटला. पोस्टमनच्या सायकलमागं हौसेनं धावला. मुळीकांचा रंगराव, म्हणजे आमचा शेजारी, गवताचा भारा घेऊन बांधावरून जायचा तेव्हा हा फाटकाच्या फटीतून नाक बाहेर काढून त्याची वाट बघायचा. आप्पा फोनवर कौतुकानं हे सगळं सांगायचे आणि माझा जीव खालीवर व्हायचा. एवढा जातिवंत कुत्रा आणून त्याचं आम्ही कोकरू करून ठेवणार होतो.

सुभानमामा आमच्या नात्यातले कुत्र्यांचे जाणकार. त्यांच्या मळ्यावरच्या कुत्र्यांना सारा गाव टरकून असायचा. त्यांनी मला मंत्र दिला. "राखणीच्या कुत्र्याला एकाच हातची भाकरी पाहिजे. दुसऱ्या कुणाचा घास त्याच्या तोंडात जाता कामा नये. दिवसा बांधायचा. गोंजारायचा फक्त मालकानं. चार महिन्यांत बघ, वाघ होतो."

पुढच्या शनिवारी गाडीतून उतरल्या उतरल्या मी तो नियम लागू केला. घास आप्पांच्याच हातचा. दूधवाल्यानं फाटकाबाहेर किटली ठेवायची. मीसुद्धा त्याला हात लावणार नाही, खायला घालणार नाही, नावानं हाक मारणार नाही. नियम म्हणजे नियम.

"अगं, पण गद्रे बाई तर उलटं सांगत होत्या," आप्पा म्हणाले.

"त्यांना कुत्र्याची काळजी आहे, मला तुमची."

त्यांनी नियम पाळला. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला माणूस, हुकूम पटला नाही तरी मोडायचा नाही.

मामा म्हणाले तसंच झालं. गणपतीपर्यंत फौजदार दूधवाल्यावर गुरगुरायला लागला. दिवाळीत मी घरी आले तर माझ्यावरही दात काढले, आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटला. आप्पा नुसतं "पुरे" म्हणाले की मात्र तो जिथल्या तिथं बसायचा. आवाज चढवावा लागत नसे. "पुरे, फौजदार." की खाली. तो शब्द आणि तो आवाज, दोन्ही असले तरच. मी मुद्दाम एकदा म्हणून पाहिलं तर त्यानं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याच वर्षी चंपाषष्ठीला मी रजा घेऊन आले होते. मुळीकांचं कुलदैवत खंडोबा. त्या दिवशी त्यांच्याकडं बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, आणि नैवेद्य झाला की पहिला घास कुत्र्याला. कुत्रा देवाबरोबरचा, म्हणून. तो जेवल्याशिवाय घरातलं कुणी पानावर बसत नाही. रंगराव धुतलेलं धोतर नेसून, कपाळभर भंडारा लावून फाटकाशी आला. हातात झाकलेलं ताट.

"आप्पा, औंदा म्हटलं आपल्या फौजदाराला घालावं. घरचंच म्हणायचं की त्ये."

आप्पा खुशीत उठले. मी आडवी आले.

"रंगराव, राग मानू नका, पण त्याला दुसऱ्याच्या हातचं खायची सवय लावायची नाहीये. आप्पा घालतील त्याला. द्या ते ताट."

रंगरावानं ताट दिलं नाही. "न्हाई ताई, त्ये ज्याचं त्यानं घालायचं असतंय. देवाचं हाय."

"एका दिवसानं काय होतंय विभा?" आप्पा म्हणाले.

"एका दिवसानंच सगळं बिघडतं."

फौजदार साखळीला ताण देऊन उभा होता. गुरगुरत नव्हता. रोडग्याच्या वासानं त्याचं नाक हलत होतं आणि तो एकदा ताटाकडं, एकदा आप्पांच्या तोंडाकडं बघत होता. त्यानं खाल्लं असतं. मला ते दिसत होतं, आणि म्हणूनच मी फाटक उघडलं नाही.

रंगरावानं ताटावरचं झाकण नीट केलं. मग "बरं बरं, न्हाई तर न्हाई," म्हणाला आणि कालव्याच्या कडेनं कुठलं मोकाट कुत्रं दिसतंय का ते शोधत निघून गेला. पुष्कळ लांब गेला असावा. ऊन चढेपर्यंत त्यांच्या वस्तीवरून पोरांचा जेवायचा गलका ऐकू आला नाही.

फाल्गुनात, सकाळच्या वेळी, ऑफिसात माझा मोबाइल वाजला. रंगराव होता.

"ताई, आप्पा पडल्यात."

"कुठं?"

"अंगणात. कढीलिंबाला पाणी सोडलं हुतं. पाणी फाटकाखालनं रस्त्यावर आलं म्हणून आमची हौसा बघाया गेली, तर पडल्यालं. तोंड वाकडं झालंय. डोळं उघडं हायती."

"मग उचला ना त्यांना. जीप बोलवा, कऱ्हाडला न्या ताबडतोब."

"जीप आलीया ताई. कुत्रं जवळ जाऊ देईना."

सकाळी आप्पा त्याला मोकळा सोडायचे. फाटक बंद करून तासभर तो अंगणात त्यांच्यामागं फिरायचा. आता तो त्यांच्या अंगावर आडवा उभा होता, पुढचे पाय छातीच्या अलीकडं, मागचे पलीकडं. जीपच्या ड्रायव्हरनं फाटक उघडून एक पाऊल आत टाकलं तर त्याच्या पोटरीचा लचका काढला होता.

"भाकरी टाकून बघा. मटण असेल कुणाकडं तर ते टाका."

"टाकली. वास बी घेत न्हाई."

दुसऱ्याचा घास तोंडात घ्यायचा नाही, हे त्याला आम्ही शिकवलं होतं.

"'पुरे' म्हणा. आप्पा म्हणतात तसं."

"घसा बसला म्हणून म्हणून. ताई, तुमी बोला. मी फोन मोठा करून आत धरतो."

मी ऑफिसात सगळ्यांसमोर ओरडले. फौजदार, पुरे. पुरे, फौजदार. पलीकडून फक्त त्याची गुरगुर ऐकू येत होती, एकसारखी, थकलेली. माझा आवाज त्यानं ओळखावा असं मी काहीच केलं नव्हतं. उलट ओळखू नये यासाठी मी महिनोन्‌महिने घालवले होते.

"पोतं टाका त्याच्यावर, गोधडी टाका."

"फाडली. ताई, आप्पांच्या तोंडातनं फेस याया लागलाय."

माझ्या शेजारी बसणाऱ्या कुलकर्णी बाईंच्या नवऱ्याला असाच झटका आला होता. दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि तो गेला. ते सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं.

"मारा त्याला," मी म्हणाले.

पलीकडून नुसती फौजदाराची गुरगुर आली.

"रंगराव, ऐकताय ना? काठी, पहार, हाताला लागेल ते घ्या. मारा त्याला आणि आप्पांना बाहेर काढा."

"ताई, आमच्यात कुत्र्यावर हात उचलत न्हाईत."

"माझा बाप मरतोय तिथं."

"दुसरं कोण हाय का बघतो..."

"दुसरं कोण आहे तिथं? तुम्हीच आहात. मी सांगतेय ना. माझ्यावर पाप. मारा."

त्यानं फोन बंद केला नाही. सदऱ्याच्या खिशात टाकला असावा. मला त्याच्या बायकोचं, हौसाबाईचं "नगं, नगं" ऐकू आलं. पहार दगडावर घासल्याचा आवाज आला. नंतर जे ऐकू आलं ते मी आजही कुणाला सांगू शकत नाही. फौजदार भुंकला नाही. एकदाच ओरडला, आणि तेही लहान पिल्लासारखा.

आप्पा वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. नातेवाईक दवाखान्यात येऊन माझी पाठ थोपटून गेले. पुण्यात बसून प्रसंगावधान दाखवलं म्हणाले. सुभानमामा तर म्हणाले, "कुत्रं काय, दुसरं मिळेल." खोटं कुणीच बोलत नव्हतं. आजही तो फोन आला तर मी तेच सांगेन. म्हणूनच मला त्यातून सुटता येत नाही.

रंगराव एकदाच दवाखान्यात आला. आप्पांच्या पायाशी बसला. मी त्याला चहा दिला, तो त्यानं तसाच हातात धरून ठेवला.

"कालव्याच्या कडंला पुरलाय," तो म्हणाला. "हळद घालून."

"रंगराव, तुम्ही नसता तर..."

"ताई, त्ये सारखं मागं वळून बघत हुतं."

"कोण?"

"फौजदार. आमच्यावर गुरगुरायचं आन मागं वळून आप्पांच्या तोंडाकडं बघायचं. हुकूम मागत हुतं. मी पहार उचलली तवाबी त्ये माझ्याकडं बघत न्हवतं. आप्पांकडंच बघत हुतं."

मी आप्पांकडं पाहिलं. ते जागे होते. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, बोलता येत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर ओघळलं आणि त्यांनी मान भिंतीकडं वळवली.

बोलणं हळूहळू परत आलं. एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. मी बिनपगारी रजा घेऊन घरी राहिले होते. पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी मी त्यांना पडवीत खुर्चीवर बसवलं. समोर कढीलिंबाला नवी पालवी आली होती आणि त्याच्या बुंध्याशी साखळीचं कडं तसंच होतं.

"मी... शुद्धीत... होतो," आप्पा म्हणाले.

"माहीत आहे आप्पा. आता नका बोलू त्यावर."

"मी म्हणत... होतो. पुरे... पुरे." त्यांनी डावा हात घशाला लावला. "इथंच... राहिलं. आवाज... आला नाही. एकदा... आला असता... तर... बसला असता."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही, पण माझ्या हाताला त्यांच्या बोटांची पकडही जाणवली नाही. मला वाटलं, आता ते म्हणतील, तू मला त्या कुत्रीला घेऊ द्यायचं होतंस. रंगरावाला त्या दिवशी घास घालू द्यायचा होतास. ते बुंध्याशी असलेल्या त्या कड्याकडं बघत राहिले. आप्पांनी मला जन्मात कधी बोल लावला नाही, आणि ते मला तेव्हा पहिल्यांदा असह्य झालं.

दिवाळीनंतर ते स्वतःच म्हणाले, "साताऱ्याला... जाऊ."

गद्रे बाईंनी विचारायच्या आधीच मी फौजदाराचं सगळं सांगितलं, मी काय नियम केला होता तेही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी फक्त एवढंच म्हणाल्या, "आणि तरी मी तुम्हाला दुसरा कुत्रा का द्यावा?"

तेवढ्यात खारी आली. मधल्या काळात तिला कुणीच नेलं नव्हतं. गावठी, फाटक्या कानाची, नेणार कोण? तोंडावर पांढरे केस आले होते. तिनं माझ्या पायाशी लोळण घेतली, ड्रायव्हरच्या पायाशी घेतली आणि मग आप्पांच्या लुळ्या पायातल्या चपलेवर हनुवटी टेकवून डोळे मिटले. आप्पा काठीवर भार देऊन खाली वाकायला गेले आणि त्यांना वाकता येईना. गद्रे बाई बघत राहिल्या. मग आत जाऊन खारीचा पट्टा घेऊन आल्या.

"वडिलांकडं देतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं नाही."

चंपाषष्ठी पुढच्याच आठवड्यात होती. त्या सकाळी मुळीकांच्या वस्तीवरून येळकोटाचा गजर ऐकू आला, पण त्यात रंगरावाचा आवाज नव्हता. दरवर्षी तोच तळी उचलायचा आणि त्याचा आवाज आमच्या पडवीपर्यंत यायचा. नंतर हौसाबाईनं सांगितलं, औंदा तळी धाकट्या दिरानं उचलली. हे म्हणाले, माझ्या हातानं नको.

रंगराव नैवेद्याचं ताट घेऊन येणार नाही असं मला वाटलं होतं. तो आला. धुतलेलं धोतर नेसलेला, पण कपाळावर भंडारा नव्हता. फाटक सताड उघडं होतं, तरी तो बाहेरच थांबला, वर्षापूर्वी उभा होता तिथंच. खारी शेपूट हलवत धावत गेली आणि त्याच्या पायाशी लोळली. तो एक पाऊल मागं सरला.

"ये... आत," आप्पांनी पडवीतून हाक मारली. "घाल... तिला. तुझ्या... हातानं."

रंगरावानं ताटावरचं झाकण काढलं. बाजरीच्या रोडग्याचा तुकडा मोडला, भरतात बुडवला. खारी समोर बसून त्या हाताकडं बघत होती. तो वाकला, पण तुकडा खाली ठेवण्याआधी थांबला आणि त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. टोमणा तर नव्हताच, तसा तो माणूस नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

"घालू न्हवं, ताई?"